बटणावरची नदी

फॉर्मवर विचारलं होतं, पोहता येतं का.
मी चौकट रिकामी ठेवली.
काही झालं तर कोणाला कळवायचं, तिथे
विट्याच्या घरचा नंबर लिहिता लिहिता
कंपनीचा लँडलाइन लिहिला.
तिला कशाला उगाच.

अल ऐन. जबल हफीतचा उघडाबोडका डोंगर
भाजून सोललेल्या वांग्यासारखा,
आणि पायथ्याशी, जिथे बाभळही विचार करून उगवते,
एक नदी.
सिमेंटची. पंपावरची.
दुपारी चारला सुरू, रात्री आठला बंद.

एकवीस वर्षं मी पाण्याची बिलं तपासतोय.
समुद्र गाळून, मीठ काढून, वाळूखालच्या पाइपातून आलेलं पाणी,
त्याचा दर मला फिल्सपर्यंत पाठ.
म्हणून आधी काठावर उभा राहून
त्या फेसाचा गुणाकार करत बसलो.
शाजी म्हणाला, सर, हेल्मेट उलटं घातलंय.

गाइड दिलमान राई. बुटका. पोटऱ्या दगडाच्या.
हिंदीत म्हणाला, तीनच शब्द ऐकायचे:
मारो. रुको. बैठो.
बाकी नदी काय बोलते ते मी बघतो.
और गिर गये तो? टँकरवाल्या गुलरेझने विचारलं,
जो वादळातही काच खाली करून गाडी हाकतो.
तो पैर ऊपर, दिलमान म्हणाला,
ऊपरवाला अपने आप याद आएगा.

मारो!
रिसेप्शनवर कुजबुजत बोलणारी मारिसेल
अशी काही ओरडली की पुढचं पाणी दचकलं.
राफ्ट मधोमध वाकला,
माझं वल्हं नुसतंच हवेत फिरत होतं,
आणि तिसऱ्या उतरणीला बैठो ऐकू आलं
तेव्हा बसायला खाली काही नव्हतं.

पाण्यात पडलं की पोहता येतं, म्हणतात.
ज्यांनी म्हटलं त्यांच्या विहिरीला पाणी असणार.
आमच्या विहिरीत बुडण्याइतकं पाणी दोन महिने,
आणि तेव्हा नेमकी सहामाही.

आत शांतता होती असं लिहायला आवडलं असतं.
आत पंपाचा आवाज होता.
रात्री दोनला लाइट आली की मळ्यातली मोटर जशी घुमायची
आणि अण्णा अंधारातच चप्पल शोधायचे,
तोच आवाज, फक्त हजारपट.
नाकातोंडात गेलं तेव्हा लक्षात आलं,
गोडं आहे.

दिलमानने जॅकेटचे खांदे धरले,
ज्वारीचं पोतं वर घेतात तसे दोन झटके,
आणि मी राफ्टच्या तळाशी, मारिसेलच्या पायांवर.
काही विचारलं नाही त्याने.
म्हणाला, अब आप आगे बैठिये.

खाली पोचलं की पट्टा राफ्टला उचलून
पुन्हा वर नेतो, माणसांसकट,
विमानतळावरच्या बॅगांसारखा.
आम्ही चौघं त्यावर निथळत बसलेलो,
कोणी उतरवून घेतंय का बघत.
पाच वेळा गेलो.
पाचव्या वेळी वल्हं पाण्याला लागलं.

आठला पंप थांबला.
इतक्या लवकर नदी आटते हे माहीत होतं मला,
पण आमच्याकडे त्याला मार्च-एप्रिल लागतो.
तळाला एक चप्पल, केसांचा चाप, कुणाचा तरी गॉगल.
दिलमान लांब दांड्याची जाळी घेऊन उतरला.
मी विचारलं, तुझ्या गावाकडे नदी आहे?
आहे, म्हणाला.
ती बंद होत नाही.
मग चाप उचलून त्याने खिशात टाकला
आणि जरा वेळाने म्हणाला, तोच प्रॉब्लेम आहे.

रात्री कुशीवर वळलो
तर उजव्या कानातून कोमट काहीतरी ओघळलं उशीवर.
अर्धा चमचा असेल.
दर माहीत होता.
गुणाकार केला नाही.